दशक्रियेचे दोन शब्द

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात माणूस दोनदा मरतो. एकदा घरी, आणि दुसऱ्यांदा दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर, माइकसमोर. दशक्रियेला आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. सकाळभरात आणखी दोन-तीन घाट गाठायचे असलेले पुढारी गाडीतून उतरतात, शेजारच्याला मयताचं नाव विचारतात आणि सुरू होतात. मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्ती, कधीही भरून न येणारी पोकळी. गेलेला माणूस कसाही असो, घाटावर सगळे सारखेच होतात.

या शब्दांचा मला संताप येतो. मी कथा लिहिते, आणि लिहायला शिकताना माझी अर्धी हयात हेच शब्द डोक्यातून उपटण्यात गेली. माझ्या सुरुवातीच्या कथांमधल्या झाडून सगळ्या बायका प्रेमळ होत्या आणि एकीलाही चेहरा नव्हता. विशेषण म्हणजे नीट न बघितल्याची कबुली, हे कळायला मला फार वेळ लागला. तसं कुणी सांगितलंही नाही. आमच्या भागात लिहिणाऱ्या बाईला लोक फक्त एवढंच सांगतात, जरा चांगलं लिहीत जा.

आत्या गेली तेव्हा आतेभाऊ म्हणाला, "घरच्यांच्या वतीनं तूच बोल. पण आधी लिहून दाखव मला."

आईमागं मला या आत्यानं वाढवलं. तिच्याबद्दल चार माणसांत बोलायची ही शेवटची वेळ होती, आणि ऐकणाऱ्यांना तीच दिसावी, दुसरी कुठली बाई नाही, एवढंच मला हवं होतं. रडून झालं की लिहायचं आणि लिहून झालं की खोडायचं, असं करत मी एक पान उभं केलं. बराखीत साठवलेल्या कांद्यात एक जरी सडला तरी ती दारातूनच वासावर ओळखायची. मिसरी लावून झाल्याशिवाय कुणाशी धड बोलायची नाही. आळेफाट्याला एसटीत जागा धरायला खिडकीतून पिशवी टाकायची, आणि ती पिशवी कुणी हलवली तर अख्खी गाडी ऐकेल असं भांडायची. उसाच्या कडेला बिबट्या बसलेला दिसला तेव्हा तिनं त्याला तीच शिवी हासडली, जी ती बांधावरून शेजारणीला द्यायची. बिबट्या उठून गेला. शेजारीण कधी गेली नाही.

आतेभावानं पेन काढलं. "मिसरी काढ. भांडणं काढ. बिबट्याचं तर आधी काढ, लोकं हसत्याल."

"मग ठेवू काय?"

"लिही की, प्रेमळ व्हती, लई कष्टाळू व्हती. समदी लिहित्यात तसं."

त्यानं खोडून परत दिलेला कागद तालुक्यातल्या कुठल्याही मेलेल्या बाईवर वाचता आला असता. दुःखातल्या माणसाशी वाद नको म्हणून मी तो घडी घालून ठेवला.

घाटावर एक पुढारी आत्याच्या भजनाच्या आवडीवर बोलला. आत्या जन्मात भजनाला गेली नव्हती, टाळांनी डोकं उठतं म्हणायची. आणि समोर बसलेले भाऊबंद, जे तिला चांगलं ओळखत होते, ते खुशाल माना डोलवत होते. माझं डोकंच फिरलं. माझी पाळी आली तेव्हा मी तो खोडलेला कागद मुठीत चुरगळला आणि माझं पान पाठ होतं ते बोलले. कांदे, मिसरी, एसटी, सगळं. बिबट्यापाशी पुरुषांत कुणीतरी फस्सकन हसलं. बायकांच्या बाजूला आधी हसू फुटलं आणि मग पदर डोळ्यांना लागले. सूत्रसंचालक आटपा म्हणून खुणा करत होता. मी आटपलं नाही.

विधी उरकल्यावर आतेभाऊ मला गाड्यांच्या मागे घेऊन गेला. नुकतंच मुंडन केलेलं डोकं, लाल डोळे.

"चारचौघांत आईची अब्रू घालवलीस."

"तिची नाही, तुझी. तुला आई नको होती दादा, फोटो हवा होता."

तो मारतो की काय असं वाटलं. मग तो मोटारीला टेकला आणि जमिनीकडे बघत बोलला, "जन्मभर तिनं मला मुडद्याच म्हटलं. जेवाया ये मुडद्या, उशीर का केला मुडद्या. दवाखान्यात शेवटच्या दिशी मला बाळा म्हणली. तवाच मला कळलं, आता आई काय ऱ्हात न्हाई."

दहा दिवसांत त्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. खरं तर जवळ घ्यायला हवं होतं. पण मी त्याच्यावर ओरडले, "हे तुझ्याजवळ होतं, आणि तू मला प्रेमळ लिहायला सांगत होतास?"