छातीतला डाग

मी दहा वर्षांची असताना माझं एक मूत्रपिंड कर्करोगाच्या गाठीसकट काढून टाकलं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वसईला आमची केळीची वाडी. तिथून आई मला इंजेक्शनांसाठी मुंबईच्या इस्पितळात न्यायची. केस गेले, तोंड आलं, पण गाठ परतली नव्हती. मग एका तपासणीत छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला.

“रोग फुप्फुसात पोचला असावा,” डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर ओट्यावर आत्या आईला समजावत होती, “वहिनी, पुरे करा आता. पोरीला किती टोचायचं? राहू दे घरात, खाऊ दे हवं ते.” बाबा मान खाली घालून बसले होते. मी दारातच उभी होते.

“मी अजून मेले नाही, आत्या.”

आत्या रडायला लागली. आई रडली नाही. “ऐकलंत ना, वन्सं?” एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांना विचारलं, “असावा म्हणालात. आहे की नाही?”

“खात्री नाही,” ते म्हणाले. “स्कॅन करून बघू.”

तेव्हा सीटी स्कॅनचं यंत्र नवं होतं. “श्वास रोखून धर,” यंत्र चालवणारे म्हणाले, तर मी असा धरला की शेवटी त्यांनाच ओरडावं लागलं, “अगं, सोड आता!”

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. “हा डाग चुन्यासारखा घट्ट झालाय. कर्करोग असा दिसत नाही. हिला क्षय झाला होता का?”

“कधीच नाही,” आई म्हणाली. “खोकला व्हायचा, तेवढाच.”

“मग होऊन गेलाय. हिच्या अंगानंच तो दाबून टाकला.”

मला माझ्या हाडकुळ्या छातीचा भलताच अभिमान वाटला. एक रोग मी कुणाला न सांगता हरवला होता. दुसऱ्याची काय बिशाद!

तो क्षय पुन्हा उठू नये म्हणून इंजेक्शनांबरोबर आणखी गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लघवी केशरी व्हायची. ती बघायला मी चुलत भावंडांना मोरीत बोलावलं, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला. आजारी पडल्यापासूनचा पहिलाच. मी खदाखदा हसले.

इंजेक्शनं संपली तेव्हा डोक्यावर नुसती लव होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “रुमाल बांधून ये, मुली हसतील.”

“हसू देत,” म्हटलं, आणि उघड्या डोक्यानं पहिल्या बाकावर जाऊन बसले.