तिरुभुवनमचा कापलेला ताणा

तो ताणा अजून डोळ्यांसमोरून जात नाही! पोलिसातून मी लवकरच बाहेर पडलो, पण ही केस सांगायचीच आहे. कुंभकोणमला सब-इन्स्पेक्टर होतो. जवळच्या तिरुभुवनमचे विणकर सकाळी रेशमी ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, गल्लीभर पसरतात, खळ लावायला. कुणीतरी तो मधोमध कापत होतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा एक म्हातारा विणकर ठाण्यात येऊन बसला, एफआयआर घेतल्याशिवाय उठेचना.

आम्ही धंद्यातलं वैर शोधलं. काही हाती लागलं नाही. मग खळ लावणाऱ्या एका अक्कांनी हळूच टीप दिली. गल्लीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला 'अरैवेक्काडु' म्हणजे अर्धकच्चा म्हणून चिडवतात. जे घर चिडवतं, त्याच घराचा ताणा जातो.

त्याला ठाण्यात आणलं. मुलगा आमच्यासारखाच तंजावरकडच्या मराठी घरातला. हवालदार दरडावला की हसायचा. मी चहा मागवला आणि घरच्या मराठीत विचारलं, का रे तंबी? तो म्हणाला, "कापल्यावर कळतं सार, की कापलं."

आई म्हणाली, लहानपणी गच्चीवरून पडला, कपाळाला मार लागला, शाळा सुटली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कपाळामागचा मेंदू ब्रेकचं काम करतो, विशीतही तो तयार होत असतो, ह्याला नेमका तिथेच मार बसलाय. पण असा मार लागलेले सगळेच काही कात्री उचलत नाहीत. रोज डिवचलं तर मात्र अवघड.

मी हे विणकराला सांगितलं. तो म्हणाला, "ब्रेक नाही तर गाडी रस्त्यावर आणता कशाला?"

आईला एकच भीती, जेलमध्ये गेला की पोरगा कायमचा हातचा जाईल. मी विणकराला शांतपणे सांगितलं, जबाबात चिडवणाऱ्यांची नावंही येतील. त्यात विणकराचा स्वतःचा मुलगाही होता. म्हातारा म्हणाला, कापणारा पोरगा गल्ली सोडणार असेल तर तडजोड करतो. कोर्टात तशी तडजोड झाली, पोराचा मामा त्याला जवळच्याच स्वामीमलैला घेऊन गेला. मामा पंचधातूच्या मूर्ती ओततो, आधी मेणाच्या घडवतो.

नंतर भेटायला गेलो. माझ्यासमोरच पोराने चिडून अर्धी झालेली मेणाची मूर्ती चुरगाळली! मामाने वर न बघता गोळा मेण वितळवायच्या कढईत टाकला. "परत कर." त्याने परत सुरू केली.

डोकं तेच होतं, हातही तेच. इथे मोडलेलं परत घडवता येत होतं, आणि कुणी पोलिसांना बोलवत नव्हतं.