नाल्यावरचं दार

कौलां काकीच्या घराचं एकही दार बंद होत नाही. कड्या तिने स्वतः उपटून टाकल्यात. कार्तिकात वारा सरळ चुलीपर्यंत येतो आणि राख मक्याच्या भाकरीवर बसते. काका होते तेव्हा कुरकुरायचे, "अगं, एखाद्या दिवशी बिबट्या शिरेल आत." काकी म्हणायची, "शिरला तर त्याला बाहेर तरी पडता येईल."

सात वर्षांची असताना तिला गोवर आला होता. माहेरी तिला वीस दिवस खालच्या अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलं, भाकरी दाराखालून सरकवायचे. ती बरी झाली, पण अजूनही कुणी कडी लावली की तिच्या कपाळावर घाम येतो. ती हे लपवत नाही. "मी भित्री आहे," ती चारचौघांत सांगते, "पण जन्मजात नाही. मला भित्री केलीय."

माझे बाबा गोरखू तिचे धाकटे दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा ते चार वर्षांचे होते, म्हणून ती त्यांना अरे-तुरे करते आणि ते ऐकूनही घेतात. साडेतीनशे मेंढ्यांचा कळप दोघांचा सामाईक. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र बाबा कुणाचं ऐकत नाहीत. कांगड्यातल्या कुठल्याशा दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की पिल्लाचे डोळे उघडले की ते अंधारात ठेवायचं, तीन महिने माणूस दिसू द्यायचा नाही, म्हणजे कुत्रं तिखट निघतं. झालं! बाबांनी शेजारच्या आमच्या घराखालची खोली त्याच कामाला लावली.

त्या खोलीतून निघाला भोटू. त्याचा बाप दोनदा बिबट्याशी भिडलेला, त्याच्या गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्यावर अजून दातांच्या खुणा आहेत. आणि हा बोकडाच्या घंटेला घाबरायचा, छत्रीला घाबरायचा, टोपीवाल्या माणसाला घाबरायचा. हिवाळ्यात कळप खाली उतरत असताना बसचा भोंगा वाजला, तसा हा मेंढ्यांच्या पोटाखाली घुसला. मेंढ्या उधळल्या आणि दोन कोकरं दरीत गेली.

ज्येष्ठात आम्ही गावी परतलो. बाबांनी भोटूच्या गळ्यात दोरी बांधली आणि म्हणाले, "याला उन्हाळी चराईला खिंडीपलीकडे नेत नाही. वरच्या रानात सोडून येतो." रानात सोडणं म्हणजे बिबट्याच्या ताटात वाढणं, हे आम्हाला काय सांगायला हवं होतं?

काकी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनीच उठली आणि दोरी धरली.

"सोड."

"वहिनी, याच्या आईचं रक्तच नासकं. बिंदरी पण वीज कडाडली की दचकते."

"मग बापाचं रक्त काय वाटेत सांडलं? नासकी तुझी खोली आहे. तीन महिने अंधारात कोंडलास आणि आता विचारतोस, उजेडाला का घाबरतो?"

"कुत्रं तिखट करायचं तर—"

"मामंजी पिल्लं कुठे वाढवायचे रे? झग्यात! कमरेला गुंडाळलेल्या लोकरी डोऱ्याच्या वर, कोकराशेजारी. घंटा, गडगडाट, नदी, सगळं पोटाच्या उबेत बसून ऐकायची. तू पण तिथेच बसायचास, विसरलास? दीडशहाणा!"

बाबांचे कान लाल झाले. "ठेव तुझा भित्रा तुझ्याकडे," ते म्हणाले. "पण बिंदरीची नवी दोन पिल्लं माझी. डोळे उघडले की खोलीत जाणार म्हणजे जाणार."

काकी वाद न घालता परत भाकऱ्या थापायला बसली. मला तेव्हाच शंका आली.

पुढचे बारा-तेरा दिवस ती अंगणात भोटूशेजारी बसून असायची. घंटेला चिंधी गुंडाळून हळूच हलवायची आणि त्याला भाकरीचा तुकडा द्यायची. तो सुधारला म्हणेन तर ते खोटं होईल. तो फक्त तिच्या मागे-मागे फिरायला लागला.

पिल्लांचे डोळे उघडले. बाबा टोपलीत दोघांना घेऊन खाली गेले आणि तिथून त्यांची आरोळी आली.

"वहिनी! दार कुठाय?"

"नाल्यावर."

नाल्यावरचा साकवाचा ओंडका वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात वाहून गेला होता. तिथे ते दार आडवं टाकून, दोन्ही टोकांना धोंडे लावून काकी मोकळी झाली होती. दाराची दुसरी बाजू मी धरली होती. बाबांना हे आजतागायत माहीत नाही.

बाबा टोपलीसकट तणतणत नाल्यावर गेले, टोपली काठावर ठेवली आणि दार उचलायला वाकले. काकी जाऊन दारावर उभी राहिली.

"उचल. माझ्यासकट उचल!"

मागून भोटू आला. दारापाशी येऊन थांबला. आतली बाजू वर होती, खालच्या कडेला त्याच्याच नखांचे ओरखडे. त्याने त्यांना नाक लावलं. तो तिथेच मुतला.

काकी दारावरून पलीकडच्या काठावर गेली आणि हाक मारली, "ये."

भोटू कण्हला. दारावर त्याने पंजाही ठेवला नाही. सरळ त्या बर्फाच्या पाण्यात उडी घेतली, दोन हात वाहत गेला आणि धडपडत पलीकडे तिच्या पायांशी चढला.

"गोरखू," काकी ओरडली. तिचा आवाज फाटला होता, ती रडत होती. "रक्त म्हणत होतास ना? रक्ताला त्या दाराचा वास ओळखता येतो का रे?"

बाबांनी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी कमरेचा डोरा सैल केला, एकेक पिल्लू झग्यात घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोकडाची घंटा आण. मोठी आण."

दार अजून नाल्यावरच आहे. सगळं गाव त्यावरून जातं. ती दोन पिल्लं तर त्यावर कुस्त्या खेळायची. भोटू मात्र आजही पाण्यातूनच जातो आणि काकीही झगा गुडघ्यापर्यंत खोचून त्याच्याबरोबर उतरते.

"काकी, पाय गारठतील. तू तरी वरून ये," मी म्हणते.

"तो एकटा पाण्यातून जाणार आणि मी वरून? हट्!"