एटापल्लीच्या अंगणात रोवलेला क

चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माझ्या वाचकांनो, मागच्या खेपेला मी तुम्हाला बजावलं होतं की आलापल्लीच्या पुढे जायचं असेल तर प्यायचं पाणी आणि पायात जुनी चप्पल घेऊन निघा. आठवते का कोणाले? नाई आठवत. माझी नात हे सारं मोबाईलमध्ये लिहून राह्यली, ती म्हणते, "आजी, लोक वाचतात आन विसरतात." मी म्हटलं, त्यात नवल काय? लिहून ठेवलं की माणूस निश्चिंत होते. मले अक्षर येत नाई, म्हणून मले सारं ध्यानातच ठेवावं लागते.

तर आज पुन्हा त्याच रस्त्यानं नेते. गडचिरोली जिल्हा नवाच वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव ब्रह्मपुरीजवळचं, धानाचं. माझी लेक सुमन, म्हणजे या लिहिणारीची आत्या, मॅट्रिक पास झाली आणि एका संस्थेच्या बालवाडीत शिकवायला थेट एटापल्लीच्या जंगलात गेली. दिवाळीलाही आली नाई. मग बाजारात तिकडून आलेले एक मास्तर भेटले. म्हणाले, "पोरगी वाळली तुमची. पोरं तिच्यापुढे तोंडच उघडत नाईत. संस्थेच्या मोठ्या बाई येणार आहेत पाहाले. पोरं तशीच मुकी राहिली तर बालवाडी दुसऱ्या गावी हलवतील."

सुमनचा बाबा ऐकून उठला. "जा तू. घेऊनच ये तिले. पोरं बोलत नाईत तं का भिंतीले शिकवते का?"

मलेही तेच पाहिजे होतं. कापणी-मळणी आटोपली होती. कापडी पिशवीत दोन लुगडी टाकली आणि निघाली.

ब्रह्मपुरीहून सकाळची एसटी धरा. आरमोरीवरून गडचिरोली, मग चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. खिडकी डाव्या हाताची घ्या, दुपारचं ऊन उजवीकडून येते. गडचिरोलीच्या स्टँडावर आलुबोंडा खाल्ला, गरम होता, पण तिखट एवढा की बाजूचा म्हातारा आणि मी, दोघं अनोळखी, एकाच लोट्यातून पाणी प्यालो. आष्टीच्या पुढे सागवान सुरू होते. आमच्या धानपट्ट्यात नजर बांधावरून बांधावर उडी मारत दूरवर जाते. इथं नजर पहिल्याच झाडाले अडते. गाडीत बसल्या बसल्या मले वाटलं, आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरून राह्यलो.

आलापल्लीला मुक्काम. लॉजबिज काही नव्हतं. स्टँडासमोर चहाचं दुकान होतं रहीमभाऊचं, त्यांच्या घरी बायामाणसांची पथारी पडायची. त्यांच्या बायकोनं तांदळाची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली, पैशाचं नाव काढलं तर डोळे वटारले. रहीमभाऊनं विचारलं, "कुठी चालल्या, बाई?"

"लेकीले आणाले."

"उसने बुलाया क्या?"

"लेकीनं बोलावल्यावर जाणारी मी कोण पाहुणी का?"

तो हसला. "मग तिकीट एकाचंच काढा जातानी. येतानीचं येतानी पाहू."

आगाऊ मेला. पण चहा छान करायचा.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीपर्यंत एसटी, पुढं बांबूच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला, आणि शेवटी पायी. सूरजागडचे डोंगर एका अंगाला निळे दिसत होते. आता म्हणे तिथं लोखंडाच्या खाणीच्या ट्रकांची रांग असते, तोंडाला रुमाल बांधा. तेव्हा फक्त पानांचा आवाज होता. पावसाळ्यात मात्र कोणी शहाणपणा करू नका, नाले वाट अडवतात आणि कधी सोडतील ते सांगत नाईत.

सुमन बालवाडीतच सापडली. कुडाची एक खोली, समोर शेणानं सारवलेलं मोठं अंगण. आत पोरं बसली होती. सहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ, असं सारं. भिंतीवर चित्र लावलं होतं, कमळाचं. सुमन एकेकाला उभं करत होती. "म्हण, क कमळाचा." उभं राहिलेलं पोर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचं. दुसरं उभं केलं, तेही उकरायचं. अर्ध्या तासात जमिनीत खड्डे पडले, क काही निघाला नाई.

मले पाहिलं आणि सुमनचं तोंड लहान पोरीवाणी झालं. पण रडली नाई. "आई, परवा मोठ्या बाई येऊन राह्यल्या."

"येऊ दे. त्यांच्याच जीपनं जाऊ आपण. पायी चालणं वाचेल."

"मी नाई येत."

"पोरं बोलली नाई तं बालवाडीच नाई राहणार. मग का झाडाले शिकवशीन?"

"बोलतीन ती," असं म्हणून ती चूल पेटवायला वळली. खरं सांगते, मी मनात म्हटलं, न बोलोत. दोन दिवस अजून असेच मुके राहा रे माझ्या लेकरांनो, मग मी माझी लेक घेऊन जाते.

शेजारी मैनी नावाची बाई राहायची. माडिया आदिवासी होती, बाजारामुळे मराठी चांगली बोलायची. तिची पोरगी पेंटी बालवाडीत होती, तीच ती भावाला कडेवर घेणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. हात चालले की माझं तोंड आपसूक चालते, रोवण्याचं गाणं सुरू झालं. रोवणा म्हणजे धानाची रोपं चिखलात लावणं. ओळीनं वाकायचं, रोप खोचायचं, एक पाऊल मागं सरायचं. पुढं गेलं तर आपलंच लावलेलं तुडवलं जाते. गाणंही तसंच, एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची.

एक रोप तुझं बाई, एक रोप माझं,
मागं सर, मागं सर, बांध नाई आला.

मान वर केली तर पेंटी समोर उभी. तिच्यामागं आणखी चौघी. मी पुन्हा ओळ टाकली. आणि पाचही तोंडांतून आलं, "बांध नाई आला!" एवढ्या जोरात की कोंबड्या पळाल्या.

सुमन हातात पिठाचा गोळा घेऊन दारात आली. मैनी कुडापलीकडून हसायला लागली. "तुझी पोरगी एकेकाले काऊन उभी करते? एकटं कोण गाते? आमच्याकडे हात धरल्याशिवाय गाणं निघत नाई."

सुमननं पीठ तसंच टाकलं. पोरांना हात धरायला लावले, ओळ केली, आणि मग तिची धावपळ पाहण्यासारखी होती. मैनीच्या घरून टोपलंभर चिंचोके आणले. काडीनं अंगणात मोठ्ठा क काढला आणि पोरांना सांगितलं, रेघेवर चिंचोके ठेवत चला. पोरं गाणं म्हणत पुढं निघाली आणि मागच्यानं पुढच्याचे चिंचोके लाथाडले. सारा क अंगणभर.

"अगं, पुढं नको जाऊ देऊ," मी म्हटलं. "तुह्या बाबाच्या धानाच्या बांधीत कधी पुढं जाऊन रोवली का? मागं सरव त्यायले."

मग पोरं वाकून वाकून मागं सरली. एक चिंचोका, एक पाऊल. कमळाचं चित्र सुमननं काढून ठेवलं. कोंबडीले त्यांच्या बोलीत कोर म्हणतात, म्हणजे क कोरचा, म्हणून ती कोंबडीची गोष्ट सांगायला लागली. कोंबडी दाणे शोधायला निघाली, तिची पिल्लं मागं निघाली, असं करत सारी पोरं कोंबड्या झाली आणि चिंचोके टिपून टोपल्यात टाकू लागली. आवराआवर फुकटात झाली. मग पुन्हा गाणं, पुन्हा क. सुमनच्या बोटाला पीठ वाळून गेलं होतं. दुपारी जेवायची आठवण मी करून दिली, आणि करून दिली म्हणून माझाच राग आला. मी कोणत्या कामाले आली होती?

तिसऱ्या दिवशी जीप आली. मोठ्या बाई बऱ्या होत्या, हसऱ्या, अंगणात खाटेवर बसल्या, सर्वांची नावं विचारली. पण जीप, ड्रायव्हर, काळा चष्मा, हे सारं पाहून पोरं पुन्हा मुकी. पेंटीनं तोंड भावाच्या पाठीत लपवलं. सुमननं ओळ टाकायला तोंड उघडलं आणि तिचा आवाजच फुटेना. पुन्हा उघडलं. नुसती हवा. अंगठ्यांनी जमीन उकरणं सुरू झालं.

मी भिंतीला टेकून बसली होती. मले काहीच करायचं नव्हतं. गप्प राहायचं, बस. संध्याकाळी लेक माझ्याबरोबर जीपमध्ये असती.

सुमननं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाई. ती पोरांसमोर गुडघ्यावर बसली आणि पेंटीचा हात बाजूच्या पोराच्या हातात दिला. त्या पोराचा त्याच्या बाजूच्याच्या. हळूहळू, न बोलता, सारी ओळ तिनं जोडून घेतली. आणि रिकाम्या ओंजळीनं तशीच बसून राहिली.

"एक रोप तुझं बाई," मी म्हटलं.

"एक रोप माझं!" पेंटी.

मग काय विचारता! पोरांनी मुठीत चिंचोके घेतले, वाकली, सरली, क उमटायला लागला. दांडा आला, पोट आलं, शेपूट आलं. आणि शेपूट थांबेचना. रोवण्याचं गाणं बांध आल्यावरच थांबते, बांध आला असं ओळ टाकणारीनं म्हणावं लागते. आणि अंगणाला बांध कुठचा? मी म्हणायला पाहिजे होतं, पण मी सुमनच्या तोंडाकडे पाहत होती. पोरं मागं सरत सरत खाटेपर्यंत पोचली, मोठ्या बाईंनी पाय वर घेतले, शेपूट खाटेखालून पलीकडे निघालं आणि थेट जीपच्या चाकाला जाऊन भिडलं.

"बांध आला!" पेंटीनं चाकावर थाप मारून सांगितलं. तिचीच ती ओळ, कोणी शिकवली नव्हती.

मोठ्या बाई पाय वर घेऊनच हसत होत्या. "सुमनताई, एवढा लांब क मी आयुष्यात पाहिला नाही. शेपूट कुठे थांबवायचं ते शिकवायला आता तुम्हाला इथेच राहावं लागेल."

जीप गेल्यावर आम्ही दोघी अंगणात उरलो. मी शेवटचं विचारलं, "येत का मग?"

"तू गायली काऊन?" तिनं विचारलं.

"गळा खाजवून राह्यला होता."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. केसांना धुराचा वास येत होता.

परतताना रहीमभाऊनं मले एकटीले पाहिलं आणि चहा आपणहून दिला. ब्रह्मपुरीच्या स्टँडावर सुमनचा बाबा बैलबंडी घेऊन आला होता. बंडीत दोन माणसांना बसायला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलेलं. मी एकटी उतरलेली पाहून तो बैलांशीच बोलायला लागला. मीही पोरांचं, गाण्याचं, जीपच्या चाकाचं सांगत राहिली, ऐकते का नाई ते न पाहता. वेशीपाशी आल्यावर त्यानं कासरा ओढला.

"तिथं तिले जेवाले काय भेटते?"

तेव्हा मी समजली, की सुटली माझी पोरगी.

सुमन तिकडंच राहिली, तिथंच तिचा संसार झाला. पेंटी पुढं स्वतः बालवाडीत शिकवायला लागली, पण क ची शेपटी तिची अजून जरा लांबच येते म्हणे. माझ्यापाशी काय उरलं? धान रोवताना अजूनही खाली पाहिलं की वाटते, पोरांनी काहीतरी लिहून ठेवलं आहे, मलेच तेवढं वाचता येत नाई.

मी परतल्यावर सुमनच्या बाबानं तिले पहिल्या खेपेला लाडू पाठवले होते, तुपातले, लेकीपुरते. त्यातला एकही तिच्या तोंडी लागला नाई, पोरांत कुस्करून वाटले. तेव्हा तुमच्यापैकी कोणाची लेक अशा कामावर दूर असेल तर ध्यानात ठेवा, आणि हे तरी विसरू नका: लाडू पाठवू नका. मुरमुरे पाठवा, पोतंभर, त्यात भाजलेले शेंगदाणे मिसळून, आणि जवसाची चटणी वेगळ्या पुडीत बांधा, ती तेवढी तिची एकटीची.