भाऊजींच्या माशाचं जेवण

ताईचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "हे गेले गं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि माशाने सकाळपासून काही खाल्लेलं नाही." दीड महिना झाला, पण भाऊजींचा विषय निघाला की मला अजून तिचं ते दुसरं वाक्यच आठवतं. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले होते. खूप शोधले, सापडले नाहीत.

भाऊजी बेलापूरला सरकारी कचेरीत होते. तिथे त्यांना कोण किती विचारत होतं ठाऊक नाही. सीवूड्सच्या दोन खोल्यांत मात्र त्यांचा दरारा होता, आणि तो सगळा ताटावर. आमटी आधी हुंगायची, चमच्याच्या टोकाने चाखायची आणि एका बोटाने वाटी पुढे सरकवायची. ताई निमूटपणे वाटी उचलून दुसरं काहीतरी करायला ओट्याशी जायची. "काय कमी होतं ते तरी सांगा," असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते तुझ्या ताईला कळायला पाहिजे." असला हा माणूस...

निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि त्यात एकच मासा सोडला. पिवळ्या पट्ट्यांचा, चिमट्यासारख्या लांब तोंडाचा, दिसायला देखणा. तो काही खाईना. दुकानातले दाणे बघायचा नाही, बर्फातली कोळंबी तोंडात घेऊन थुंकायचा. खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, आता कळेल. चार दिवस भाऊजी टाकीपुढे स्टूल टाकून "खा रे राजा, एवढं तरी खा" करत बसले. इतक्या मायेने ते कुठल्या माणसाशी बोललेले मी ऐकले नव्हते. शेवटी शिरवण्याच्या मासेवालीने टोपलीतल्या जिवंत शिंपल्या दाखवून तोड सांगितली. "दादा, तिसरी उघरून टाक. जिती हाय तवरच खाईल तो."

मासा खायला लागला. भाऊजींनी मला फोन केला, जन्मात पहिल्यांदा. दहा मिनिटं तिसऱ्यांवर बोलले. ताई कशी आहे विचारलं तर म्हणाले, "आहे की. तिसऱ्या उघडतेय." सुरी तिच्या हातात आणि कौतुक यांचं. त्या दिवसांत तिच्या अंगठ्यावर कायम चिकटपट्टी असायची.

ते गेल्यावर सुतकात घरात मच्छी येणार नव्हती. तरी माझा भाचा अमोल रोज शिरवण्याहून उघडलेल्या तिसऱ्या आणून टाकीत सोडायचा आणि एरवी सोवळंओवळं सांगणारे सगळे दुसरीकडे बघायचे. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसलेले, पण शिवायला एक येईना. गेल्यावरही जेवणासाठी माणसं ताटकळत ठेवायची सवय काही सुटली नव्हती. अमोल हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म. तेव्हा ताईचे थोरले दीर म्हणाले, "अरे, माशाचं बोल. त्यात जीव होता त्याचा." अमोलला बंगळुरूला परतायचं होतं. तो वळून म्हणाला, "आई, ते तू बोल. रोज खायला घालीन म्हण."

सगळे ताईकडे बघायला लागले. ती पिंडाकडे बघत म्हणाली, "बत्तीस वर्षं वाढलं मी. आता नाही वाढणार." दीर खेकसले, तरी तिने हात जोडले नाहीत. उन्हात अर्धा तास वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. मला माझ्या बहिणीचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तेराव्यानंतर दुकानदार टाकीसकट मासा घेऊन गेला. मला वाटलं, सुटली. गेल्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. तिने भरली वांगी केली होती. मी ताटावर बसले तरी ती बसेना, डाव हातात धरून टेबलाशी उभी. "बस ना गं," म्हटलं, तर म्हणाली, "तू घे तर आधी." मी घास तोंडात घालून वर पाहिलं. ती श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालंय," मी म्हटलं.

"खरंच?" तिचा हात वाटीकडे गेला होता. "नाहीतर दुसरं काही करते."