एका ताम्हनातली दोन इष्टलिंगं

माझ्या सासूबाईंच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. गिरणीवाल्यानं पीठ जरा जाडं दळलं की त्याच्या दारात जाऊन त्याला ऐकवायच्या. मीही काही मुकी नव्हते. नांदेडच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराची लेक मी, जीभ माहेरूनच आणलेली. लग्नानंतरची दोन वर्षं त्या घरात भांड्यांपेक्षा आम्हा दोघींचाच आवाज जास्त होता. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सासर जळकोटकडचं एक खेडं. पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागं आमचं घर. आम्ही लिंगायत. आमच्यात बाई असो की गडी, प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, न्हाऊ घालायचं, भस्म लावायचं, पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट. जेवायच्या आधीही एकदा हातावर घ्यायचं. ज्याचं त्याचं लिंग वेगळं, दुसऱ्याचं चालत नाही. माहेरी मी आधी चहा आणि मग पूजा असं खपवून घ्यायचे. इथं ते शक्य नव्हतं. "तू कचेरीत जा न्हाईतर चंद्रावर जा," सासूबाई म्हणायच्या, "पूजेबिगर पाणी प्यायचं न्हाई."

कचेरीचा विषय त्याच दोन वर्षांतला. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, त्यांना माणसं हवी होती. मी लग्नाआधी नांदेडला मराठी टायपिंग शिकले होते. नवऱ्यानं गुपचूप अर्ज आणून दिला, मी गुपचूप भरला, आणि मुलाखतीचा कागद आला तो नेमका सासऱ्यांच्याच हातात! दोन दिवस तो कागद सासऱ्यांच्या खिशातच राहिला. तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "एकडाव जाऊन ये. न्हाई झालं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई." म्हणजे एकच संधी. निवड झाली तर उदगीरला नेमणूक मिळणार होती, घरून बसनं जाऊन-येऊन करता आली असती. न झाली तर आयुष्यभर दुकानातल्या गुळाला फडकं घालत बसायचं.

सासूबाई यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. मी समजले, त्यांना हे मान्य नाही. कारण त्यांची एक आवडती गोष्ट होती, ती मला दर पंधरा दिवसांनी ऐकावी लागायची. बहात्तरच्या दुष्काळात दुकान रिकामं पडलं, तेव्हा त्या गावातल्या बायकांबरोबर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. वाण्याची सून खडी फोडती म्हणून गाव बघायला जमलं म्हणे. त्यांचा आवाज आणि वचक बघून तिथल्या साहेबानं त्यांना बायकांच्या टोळीवर मुकादम केलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सासूचा सांगावा आला, घरी ये. "हाक आली, अन् मी हातातला हातोडा ठिवून माघारी आले. एका शब्दानं इचारलं न्हाई, का म्हणून," एवढं सांगून त्या माझ्याकडं बघायच्या. ही गोष्ट मला टोमणा म्हणूनच आहे, असं मी धरून चालले होते.

त्या उन्हाळ्यातही दुष्काळच होता. आडाचा तळ दिसत होता, टँकर येईल तेव्हा खरा. घरातल्या पाण्यावर सासूबाईंचा पहारा. एरवी आम्ही आपापल्या लिंगाला वेगवेगळं पाणी घालायचो, पण त्या दिवसांत त्यांनी तोड काढली. ताम्हनात दोन्ही लिंगं शेजारी शेजारी ठेवायची आणि पळीभर पाण्यात दोघांनाही न्हाऊ घालायचं. "देवाला कळतंय दुष्काळ हाय ते," त्या म्हणायच्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवरा तापानं फणफणला. सोबत यायला दुसरं कुणी नव्हतं. सासरे म्हणाले, "मग राहू द्या. बाईमाणूस एकटं लातूरला कसं जाईल?" सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ द्या. गाडी काय खाऊन राहिली का तिला?" मला वाटलं, एक दिवस तोंड दिसणार नाही म्हणून बाई खूश आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीच्या आधी, अजून फटफटायचं होतं, तेव्हा आम्ही पूजेला बसलो. चिमणीच्या उजेडात दोन्ही लिंगं ताम्हनात ठेवली, पाणी घातलं आणि बाहेर ओरड झाली, "टँकर आला!" लिंग अंगावेगळं करू नये हा आमचा नेम, आणि सासूबाई नेमाच्या पक्क्या. पण टँकर सुटला तर दोन दिवस पाणी नाही. "तू उरकून घे, मी आले," म्हणत त्या घागरी घेऊन धावल्या. मी घाईघाईनं लिंग उचललं, डोळे मिटून पूजा केली, डबीत घातलं, डबी गळ्यात. तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि शिदोरी घेऊन निघाले.

गाडी पाराशी उभी होती. ड्रायव्हरला इंजिनात घालायला पाणी मिळेना, त्यामुळं ती बराच वेळ हलेनाच. मी खिडकीशी बसून होते. तेवढ्यात गिरणीच्या भिंतीशी सासूबाई दिसल्या, पदर खोचलेला, उजव्या हाताची मूठ आवळलेली. एकटक माझ्याकडं बघत होत्या. म्हटलं, बघा, जाताना पण डोळे वटारायला आल्या! मी तोंड फिरवून घेतलं. गाडी सुटली.

लातूरला टायपिंगची परीक्षा झाली. हात सरसर चालले, एक चूक नाही. मुलाखत दुपारनंतर होती. मी कचेरीच्या आवारात लिंबाच्या सावलीत बसले, शिदोरी सोडली आणि जेवायच्या आधी डबी उघडून लिंग हातावर घेतलं. माझं लिंग गुळगुळीत, कुठं ओरखडा नसलेलं. हे झिजलेलं होतं आणि एका कडेला टवका गेलेला. तो टवका मी रोज ताम्हनात बघत होते. हे सासूबाईंचं होतं.

अरे देवा! म्हणजे त्या घरी बिनपूजेच्या. चैत्राचं ऊन आणि बाई सकाळपासून पाण्याविना, माझ्यामुळं. वेळेची चौकशी केली तर तासाभरात परतीची एक गाडी होती. ती धरली असती तर चार-साडेचारला घरी पोचले असते. पण मुलाखत गेली असती, आणि सासऱ्यांचा शब्द ठरलेला होता. पुढची गाडी संध्याकाळी घरी पोचणारी. गावात फोन कुठला! मी शिदोरी बांधली, उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. रखवालदार म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?"

आता कबूल करायला मला लाज नाही. म्हातारी तहानेनं व्याकूळ झाली असेल हे माहीत असूनही मला ती नोकरी हवी होती. घराला हातभार, नवऱ्याला मदत, हे सगळं मी लोकांना सांगण्यासाठी पाठ केलं होतं. त्या फाटकाशी मला पहिल्यांदा कळलं, की मला ती माझ्यासाठीच हवी होती. मी थांबले. पण मग मीही काही खाल्लं नाही, पाणीही घेतलं नाही. एवढं तरी.

मुलाखतीत साहेबांनी पाण्याचा पेला पुढं केला. मी म्हटलं, "नको, पूजा राहिलीय." ते घड्याळाकडं बघायला लागले. मग विचारलं, "नोकरी कशासाठी हवी?" पाठ केलेलं उत्तर कोरड्या घशात अडकलं. तोंडातून निघालं, "मला टायपिंग येतं, साहेब. चांगलं येतं. ते वाया जाऊन राहिलंय." साहेब हसले. मी मेल्याहून मेले.

गाडीतून उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हटलं, आता काही आपली खैर नाही. सासूबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या, ओठ फुटलेले. घरात त्यांनी पोट बिघडलंय, लंघन करते, असं सांगून ठेवलं होतं. माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं, दार लोटलं आणि मूठ पुढं केली. त्या मुठीत माझं लिंग होतं. ज्याचं त्याला दिलं. हातपाय धुऊन शेजारी शेजारी बसून आम्ही पूजा केली आणि एकाच तांब्यातून पाणी प्यायलो. इतकं गोड पाणी मी पुन्हा कधी प्यायले नाही.

"आत्याबाई, चुकलं माझं," मी म्हटलं आणि रडूच फुटलं. "मला दुपारी कळलं होतं. गाडीही होती. तरी मी आले नाही."

"आली असतीस तर तंगडीच मोडली असती," त्या म्हणाल्या. मग स्वतःची डबी कुरवाळत हसल्या. "मी न्हाई, पर माझा देव तरी कचेरी बघून आला. काय म्हणला गं सायेब?"

मी सगळं सांगितलं. साहेब हसले तेही सांगितलं. "उगाच हसला नसंल," त्या म्हणाल्या. "हो न्हाई म्हणला तर बघू." महिन्याभरानं हो म्हणल्याचा कागद आला, तो त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला, वाचता येत नसताना. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पाणी पिऊन झाल्यावर मी सहज विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"टँकरवरनं आले अन् हातावर घेतलं, तवाच. तसंच मुठीत धरून पळाले. तुझी गाडी उभीच होती की."

गिरणीची भिंत, खोचलेला पदर, ती आवळलेली मूठ, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी दहा पावलांवर होते. त्यांच्या आवाजानं तर अख्खी गाडी वळून बघितली असती.

"मग हाक का नाही मारली, आत्याबाई?"

त्यांनी तांब्या उचलून उरलेलं पाणी माझ्यापुढं सरकवलं.

"मारली असती तर उतरली असतीस का न्हाई?"

"उतरले असते."

"म्हणून."