खट् वाजलं होतं

लोडरचा लिव्हर खाचेत टिकत नाही, हे मला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मी ते भियांना सांगितलं नाही. कबुली एवढीच आहे. पण भिया कोण होते हे कळल्याशिवाय ती तुम्हाला किरकोळ वाटेल, म्हणून बाकीचं लिहितो.

भिया लिव्हर पुढे ढकलायचे, खट् वाजलं की हात उचलायचे आणि तो उजव्या मांडीवर उताणा ठेवायचे. तळहात वर. सगळ्यांना दिसेल असा. शिकायला बसलेल्या माणसालाही तेच सांगायचे, "हात उचला. जमिनीस कळतं."

ट्रॅक्टरच्या पुढे दोन लोखंडी हातांवर बकेट लावलेली तुम्ही पाहिली असेल. तो लोडर. बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी त्याचा लिव्हर असतो. मागे ओढला की बकेट वर, पुढे ढकलला की खाली. बकेट टेकल्यावरही ढकलत राहिलात तर ती जमिनीला दाबते, इतकी की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. पण त्याच्याही पुढे ढकललात तर खट् असा आवाज होऊन लिव्हर एका खाचेत बसतो आणि तेलाचा दाब सुटतो. मग बकेट नुसती स्वतःच्या वजनाने जमिनीवर पडून राहते. उंचवटा आला की उचलली जाते, खळगा आला की उतरते. अशी बकेट टेकवून ट्रॅक्टर मागे घेत गेलं की अंगण सारवल्यासारखं होतं. पुस्तकात याला फ्लोट म्हणतात. भिया 'मोकळं' म्हणायचे.

माळव्यात देवासला आमची ट्रॅक्टरची एजन्सी होती, म्हणजे आम्ही दोघे तिथे नोकरीला होतो. मी सर्व्हिसचा सुपरवायझर. माझे वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात आले, मी इथेच डिप्लोमा केला, आणि तो डिप्लोमा मी जरा जास्तच अंगावर वागवत होतो. भिया, म्हणजे इथल्या बोलीत भैया, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, धारच्या जुन्या मराठी घरातले. पणजोबा संस्थानात कामदार, म्हणजे कारभारी, होते म्हणे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. काम डेमोचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शेतावर जाऊन मशीन चालवून दाखवायचं.

त्यांचं मराठी ऐकून माझी आई खूष व्हायची. "वडिलांस विचारलं", "आमच्या येथे असं करतात" अशी भाषा. आम्ही घरी अर्धं हिंदी बोलणारी माणसं. एकदा गणपतीत ते आमच्याकडे जेवायला आले, तर आईने पुढचे आठ दिवस मला ऐकवलं की बोलावं तर असं. मी म्हटलं, ते ट्रॅक्टर चालवतात. आई म्हणाली, "मग तू काय विमान चालवतोस?"

शेतकऱ्यांचंही तेच. फोन यायचा, मी माझं नाव, हुद्दा सांगायचो, आणि पलीकडून विचारणा व्हायची, "वो भिया आएँगे क्या?" मी येतोय म्हटलं तर समोरचा तारीख पुढे ढकलायचा.

काम संपलं की भिया बूट काढायचे आणि डोळे मिटून त्या जमिनीवर चालायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. गिऱ्हाईक म्हणालं की बरोबर झालंय, तरी हे चालणं चुकायचं नाही. कुठे पाय अडला तर परत ट्रॅक्टरवर. लोकांना ती गंमत वाटायची. बायका ओट्यावर येऊन बघायच्या.

मी ते चोरून करून पाहिलं. रविवारी वर्कशॉप बंद असताना मागच्या आवारात लोडर काढायचा, लिव्हर मोकळा करायचा. पण माझा हात लिव्हरवरून सुटायचा नाही. मला पुस्तक पाठ होतं, दाब किती, तेल कुठून कुठे जातं, सगळं. तरी बकेट जरा हलली की मी लिव्हर आवळायचो, आणि आवळला की जमिनीवर पट्टा उमटायचा. एका रविवारी भिया काही विसरलं म्हणून तिथे आले. माझे पट्टे पाहिले. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "साहेब, तुम्हाला मशीन माहीत आहे, म्हणून भीती वाटते. मला माहीतच नाही." आणि सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांचा लोडर इतका हलका चालतो तो साहेबांच्या सर्व्हिसमुळे.

त्या कौतुकाने माझं डोकं जास्तच फिरलं. मत्सर करायला निदान समोरचा माणूस थोडा वाईट लागतो. भिया तेवढीही मदत करत नव्हते.

मग टोंकखुर्द गावचा तो दिवस आला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न तीन दिवसांवर होतं. घरासमोरची मोकळी जागा मांडवासाठी सपाट करून हवी होती, आणि अर्थात भियाच हवे होते. सकाळी लोडर तपासून फॉर्मवर सही करणं माझं काम. लिव्हर मी दोनदा पुढे ढकलला. दोन्ही वेळा खट् वाजलं, बसला, आणि थोड्या वेळाने आपोआप मागे सरकून मधोमध आला. त्या खाचेत एक छर्‍याएवढी पोलादी गोळी असते, तिच्यामागे स्प्रिंग. ती गोळी झिजली होती. लिव्हर मधे आला की बकेट आहे त्या उंचीला जखडते. हात लिव्हरवर ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं. हात उचलणाऱ्याला कळत नाही.

हे सगळं मला सहीच्या वेळी माहीत होतं. गोळी आणि स्प्रिंग बदलायला अर्धा तास लागला असता. मी सही केली आणि भियांच्या मागून मोटरसायकलवर गेलो.

मला अपघात नको होता, हे तुम्ही मानाल की नाही ते माहीत नाही. मला त्या अंगणात एक पट्टा हवा होता. भियांच्या हातचा एकच पट्टा, लोकांसमोर.

पहिल्या चार फेऱ्या नीट झाल्या, लिव्हर खाचेत टिकला. पाचव्या फेरीला भियांनी लिव्हर ढकलला. खट् वाजलं. मी दहा पावलांवर होतो, मी ऐकलं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि मान वळवून ट्रॅक्टर मागे घ्यायला लागले. लिव्हर हळूच मागे सरकताना मी पाहिला. हाक मारायला वेळ होता. मागची चाकं एका उंचवट्यावर चढली, तसं ट्रॅक्टरचं नाक खाली गेलं. मोकळी बकेट असती तर जमिनीने तिला वर ढकललं असतं. जखडलेली बकेट जमिनीत घुसली आणि विहिरीकडून घरात येणारी पाण्याची लाइन तिने उचकटून काढली.

आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. मोटर बंद करेपर्यंत अंगणाचा चिखल झाला होता, आणि तो तीन दिवसांत वाळणार नव्हता. नवरीमुलगी दारात उभी होती. भिया ट्रॅक्टरवरून उतरले, बूट काढले, चिखलात जाऊन नवरीच्या बापासमोर हात जोडले. गलती मेरी है, एवढंच म्हणाले. तो माणूस चांगला होता. आरडाओरडा केला नाही. म्हणाला, "भिया, आपके हाथ पे तो आँख मूँद के भरोसा था." मांडव शेवटी शाळेच्या मैदानावर घातला.

परतताना रस्त्यात भियांनी ट्रॅक्टर थांबवला. मी मोटरसायकल शेजारी घेतली. पायांवरचा चिखल वाळून पांढुरका झाला होता.

"साहेब, तुम्ही जवळ होता. मी लिव्हर पूर्ण ढकलला होता ना? खट् वाजलं होतं?"

आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नसेल.

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, भिया."

त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कोणी यायच्या आधी स्प्रिंग आणि गोळी बदलली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, मशीनमध्ये दोष नाही. जुनी गोळी फेकवली नाही. काडेपेटीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मालकांनी भियांना काढलं नाही. दोनचार दिवस आराम करा म्हणाले, इतकंच. पण परत आलेले भिया लिव्हरवरून हात उचलेनात. खट् वाजलं तरी मूठ आवळलेली. त्यांच्या जमिनीवरही पट्टे उमटायला लागले, माझ्यासारखेच. काम झाल्यावर बूट काढणं बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "कान गेला माझा. वाजलं नसताना वाजल्यासारखं वाटतं." दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. धारला घरच्या देवळात पूजा करतात असं कळलं. डेमोचं काम मला मिळालं. माझं काम बरं असतं. कोणी तक्रार करत नाही.

या उन्हाळ्यात अमझेऱ्याला डेमोसाठी गेलो होतो. ज्याच्याकडे गेलो त्याने आधी आपलं खळं दाखवलं. भियांनी केलेलं, बऱ्याच वर्षांपूर्वी. इतके पावसाळे गेले, कुठे पाणी साचत नाही, म्हणाला. तो चहा सांगायला आत गेला, तेव्हा मी बूट काढले आणि डोळे मिटून चाललो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय कुठेच अडला नाही.

पुढच्या रविवारी काडेपेटी खिशात घालून धारच्या बसमध्ये बसलो.

भिया देवळाच्या ओवरीत गंध उगाळत बसले होते. थकले होते, पण ओळखलं लगेच. "या साहेब. मातोश्री कशा आहेत?" म्हणाले. आई गेल्याचं सांगितलं. त्यांनी सहाण बाजूला केली, हात पुसले, मला बसायला चटई दिली. माझ्या नोकरीची, मुलांची चौकशी केली. बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. मग मी काय म्हणतोय ते ऐकायला ते पुढे वाकले आणि मी काडेपेटी उघडली, तशी त्यांनी मूठ सोडून हात पुढे केला. आपण काही देऊ लागलो की समोरचा करतो तसा, सहज. उताणा.

मी ती झिजलेली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"खट् वाजलं होतं, भिया. तुम्ही लिव्हर पूर्ण ढकलला होता. ही गोळी झिजली होती, तो आपोआप मागे आला. मला सकाळपासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. रस्त्यात तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. मी तुमच्यावर जळत होतो. तुमचा हात चुकला नव्हता, कानही गेला नव्हता. मला क्षमा करा."